'दानं' : एका शब्दाने उघडलेले इतिहासाचे कुलूप

आपल्या विद्यालयाच्या भोजनगृहातील ताटे ज्यांनी हाताळली आहेत, त्या माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल की बहुतेक ताटांच्या काठावर एखादे नाव कोरलेले असते. 'कालकथित' या शब्दाने सुरू होणारी आणि 'यांच्या स्मरणार्थ' या शब्दांनी संपणारी ती छोटी ओळ जेवताना रोज डोळ्यांसमोर येते. पंख्यांच्या पात्यांवर, ग्रंथालयातील कपाटांवर, पाण्याच्या पिंपांवरही अशीच नावे आहेत. काही वर्षांपूर्वी इयत्ता सातवीतील एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, हजार-दोन हजार वर्षांनी कुणाला हे ताट सापडले, तर या नावावरून त्याला काय कळेल?"

प्रश्न बालसुलभ होता. परंतु तो ऐकून मी थबकलो. कारण भारताच्या इतिहासातील एक फार मोठे कोडे नेमके अशाच छोट्या नावांनी सोडविले आहे. ज्या सम्राटाला हा देश विसरला होता, त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट सामान्य दात्यांनी दगडावर कोरून ठेवलेल्या दोन अक्षरांतून सापडली. ती हकीकत आपले माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे ठेवावी, या हेतूने हा लेखनप्रपंच.

विसरलेला सम्राट

आज सम्राट अशोकाची खूण आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. नाण्यांवर आणि नोटांवर सारनाथचे सिंहशीर्ष आहे, राष्ट्रध्वजावर चक्र आहे. १९४७ साली राष्ट्रध्वजाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे एक सदस्य होते. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने चक्रांकित तिरंगा स्वीकारला आणि २६ जानेवारी १९५० रोजी सिंहशीर्ष हे भारताचे राजचिन्ह झाले. या चिन्हांची आपल्याला इतकी सवय झाली आहे की ती परंपरेने अखंड चालत आली असावीत, असेच वाटते.

वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. सारनाथचे ते सिंहशीर्ष १९०४-०५ च्या उत्खननात मातीखालून बाहेर आले. त्याआधी सुमारे एकशे दहा वर्षे, म्हणजे १७९४ साली, त्याच सारनाथचा एक मोठा स्तूप बनारसमधील बांधकामासाठी विटा-दगड मिळावेत म्हणून फोडण्यात आला होता. आतील करंडकात अस्थी सापडल्या. त्या कोणाच्या असाव्यात याची कुणालाच कल्पना नव्हती आणि त्या गंगेत सोडून देण्यात आल्या. तथागतांनी जेथे धम्मचक्र प्रवर्तन केले, त्या भूमीची ओळखच त्या काळच्या लोकांना उरली नव्हती.

अशोकाच्या स्तंभांची कथा तर अधिकच विलक्षण आहे. चौदाव्या शतकात दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक याला आजच्या हरियाणातील टोपरा गावी सुमारे ४२ फूट उंचीचा एक अखंड दगडी स्तंभ दिसला. त्याच्या मनात तो इतका भरला की त्याने तो दिल्लीला नेण्याचे ठरविले. शम्स-इ-सिराज अफीफ या इतिहासकाराने त्याचे तपशीलवार वर्णन केले आहे. स्तंभ आडवा करताना तो मऊ थरावर यावा म्हणून सावरीच्या कापसाचे ढीग रचण्यात आले. मग तो बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवून यमुनेपर्यंत ओढण्यात आला आणि तेथून नावांवरून दिल्लीला आणला गेला. दुसरा स्तंभ त्याने मेरठहून आणविला.

स्तंभावर अक्षरे होती. सुलतानाने पंडितांना बोलावले. कुणालाही ती वाचता आली नाहीत. तथापि काहींनी चतुराईने असा अर्थ सांगितला म्हणे, की पुढे फिरोज नावाचा सुलतान होईल आणि त्याच्यावाचून हा स्तंभ कोणालाही हलविता येणार नाही, असेच यावर लिहिले आहे! लोकांमध्ये मात्र ही भीमाची काठी आहे अशी समजूत होती. सतराव्या शतकाच्या आरंभी पायी प्रवास करीत आलेल्या टॉमस कोर्याट या इंग्रज प्रवाशाला तीच अक्षरे ग्रीक वाटली आणि सिकंदराने पोरसावरील विजयाप्रीत्यर्थ हा स्तंभ उभारला, असा त्याने निष्कर्ष काढला.

पंडितांनी आपल्या धन्याला त्यात पाहिले, ग्रामस्थांनी भीमाला, परक्याने सिकंदराला. ज्याने ती अक्षरे लिहवून घेतली, तो कोणालाच दिसला नाही. मजकूर वाचता येईनासा झाला की रिकामी जागा कथा भरून काढतात. आपल्या महाराष्ट्रातही हेच घडले. नाशिकच्या ज्या डोंगराला तेथील शिलालेख त्रिरश्मी म्हणतात, त्यातील बौद्ध लेणी 'पांडवलेणी' म्हणून ओळखली जाऊ लागली. सोपाऱ्याच्या स्तूपाच्या उंचवट्याला लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत.

विस्मरण कसे घडले?

एवढा मोठा सम्राट विसरला कसा गेला? याला एकच कारण नाही.

पहिले कारण लिपीचे. अशोकाचे बहुसंख्य लेख ब्राह्मी लिपीत आहेत. लिपी ही वाहत्या नदीसारखी असते. प्रत्येक पिढी अक्षराला किंचित वळण देते. बापाचे अक्षर मुलाला वाचता येते, परंतु तीसाव्या पिढीला पहिल्या पिढीचे अक्षर परके होते. आज आपण ज्या देवनागरीत लिहितो ती ब्राह्मीचीच दूरची वंशज आहे. दक्षिणेकडील लिप्याही त्याच कुळातल्या. अशोकाचे अक्षर आपल्याच अक्षराचे पूर्वज होते आणि तरीही आपल्याला ते ओळखता येत नव्हते.

दुसरे कारण स्मृती जपणाऱ्या संस्थेचे. गिरनारच्या खडकावर अशोकाचे चौदा लेख आहेत. त्यात त्याचे 'अशोक' हे नाव नाही. त्याच खडकावर इ.स. १५० च्या सुमारास महाक्षत्रप रुद्रदामन याने सुदर्शन तलावाच्या दुरुस्तीचा लेख कोरविला. त्यात तलावाचा इतिहास सांगताना चंद्रगुप्त मौर्य आणि अशोक मौर्य या दोघांचाही नावाने उल्लेख आहे. म्हणजे अशोकानंतर चारशे वर्षांनीही राजदरबारात त्याची आठवण शाबूत होती. पुढे फा-हियान आणि ह्युएन-त्सँग या चिनी भिक्खूंनाही भारतात ठिकठिकाणी अशोकाच्या कथा ऐकावयास मिळाल्या, कारण त्या सांगणारे विहार तेव्हा नांदते होते. विहार उजाड झाले, भिक्खुसंघ लोपला आणि त्या कथा सांगणारे ओठच उरले नाहीत. दीपवंस आणि महावंस हे ग्रंथ श्रीलंकेने जपले; अशोकाच्या कथा असलेले 'दिव्यावदान' नेपाळातील हस्तलिखितांत टिकले. मायभूमीत मात्र पुराणांच्या वंशावळींत मौर्य राजांच्या यादीतील एक नाव, एवढेच त्याचे स्थान राहिले.

तिसरे कारण अनास्थेच्या पलीकडचे आहे. अशोक स्वतःला 'देवानंपिय', म्हणजे देवांना प्रिय असलेला, असे म्हणवितो. त्याच्या काळी ती राजाला साजेशी मानाची पदवी होती; श्रीलंकेचा राजा तिस्स यानेही ती धारण केली होती. सतराव्या शतकातील 'सिद्धान्तकौमुदी' या संस्कृत व्याकरणग्रंथात मात्र 'देवानांप्रिय' या शब्दाचा अर्थ 'मूर्ख' असा दिलेला आहे. एका सम्राटाची पदवी शिवी कशी झाली, याचे उत्तर केवळ व्याकरणात शोधून भागणार नाही. भारताच्या प्राचीन इतिहासाकडे बाबासाहेबांनी क्रांती आणि प्रतिक्रांती यांचा संघर्ष म्हणून पाहिले. त्या संघर्षात कोणती घटना किती प्रमाणात घडली याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. पुष्यमित्र शुंगाविषयीच्या कथा आणि त्याच काळात सांची-भारहुतच्या स्तूपांना मिळालेला विस्तार, या दोन्ही गोष्टी समोर ठेवूनच त्याचा विचार केला पाहिजे. परंतु एका शब्दाच्या अर्थाची ही घसरण काळ्या शाईने लिहिलेली आहे आणि ती कोणालाही तपासता येते.

कुलूप उघडले ते कसे?

१८१९ साली जेम्स प्रिन्सेप नावाचा वीस वर्षांचा इंग्रज तरुण कलकत्त्यास आला. टाकसाळीत सोन्याचांदीचा कस पाहणे हे त्याचे काम. आधी बनारसच्या आणि मग कलकत्त्याच्या टाकसाळीत काम करताना जुन्या नाण्यांमुळे त्याला प्राचीन लिप्यांचे वेड लागले. पुढे तो एशियाटिक सोसायटीचा सचिव झाला. दिल्ली, अलाहाबाद आणि बिहारमधील स्तंभांवरच्या लेखांच्या प्रती त्याने शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा त्यांतील बराच मजकूर शब्दशः एकच आहे असे त्याच्या लक्षात आले. एकाच मजकुराचे स्तंभ एकमेकांपासून शेकडो कोसांवर का उभे केले गेले असतील? कोडे अधिकच गहन झाले.

१८३४ पासून त्याने एकेका अक्षराची मोजदाद केली. मूळ अक्षराला वेगवेगळ्या रेघा जोडून त्याची रूपे बनतात, म्हणजे ही आपल्या काना-मात्रांसारखी व्यवस्था आहे, हे त्याने ताडले. १८३६ साली लासेन या विद्वानाने अगाथोक्लीस या ग्रीक राजाच्या नाण्यावर एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस ब्राह्मीत असलेले नाव वाचले आणि काही अक्षरे हाती आली. तरीही स्तंभावरचे लांबलचक लेख दाद देत नव्हते.

१८३७ साली सांचीहून कॅप्टन एडवर्ड स्मिथने पाठविलेले ठसे प्रिन्सेपच्या हाती पडले. सांचीच्या स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्यावर असंख्य छोटे छोटे लेख होते, एकेका ओळीचे. कुण्या राजाचे फर्मान वाटावे असे त्यांत काहीच नव्हते. छपाईसाठी त्या प्रती ओळीने लावीत असताना त्याच्या ध्यानात आले की जवळजवळ प्रत्येक ओळीचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो आणि त्यांच्या आधी पुष्कळदा एकच विशिष्ट अक्षर येते. प्रत्येक ओळ स्वतंत्र आणि पूर्ण आहे. मग ही काय असावी? ब्रह्मदेशातील बौद्ध मंदिरांच्या आवारात दात्यांची नावे कोरलेल्या वस्तूंची दाटी असते, हे त्याला आठवले. मग त्याला उलगडा झाला. ही दात्यांची नावे आहेत! शेवटची दोन अक्षरे 'दानं', आणि त्याआधीचा 'स' हा षष्ठीचा प्रत्यय. अमक्याचे दान. तमकीचे दान.

द, न, स आणि अनुस्वार एवढ्या किल्ल्या हाती आल्या आणि काही आठवड्यांच्या आत दिल्लीच्या स्तंभावरील लेख वाचून झाला. पंडित कमलाकांत यांच्यासारख्या भारतीय विद्वानांचे या वाचनाला साहाय्य झाले होते. ज्या अक्षरांपुढे फिरोजशाहचे पंडित हरले होते, ती पाचशे वर्षांनी बोलू लागली. पुढच्याच वर्षी प्रिन्सेप अतिश्रमाने आजारी पडून मायदेशी परतला आणि १८४० साली, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, मृत्यू पावला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. सम्राटाच्या लेखांनी स्वतःचे कोडे स्वतः सोडविले नाही. सांचीच्या कठड्याचा एखादा दगड देणारे उपासक आणि उपासिका, भिक्खू आणि भिक्खुणी, व्यापारी आणि कारागीर यांच्या एकेका ओळीने ते सोडविले. त्याच सांचीच्या एका तोरणावर विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्या कारागिरांचाही लेख आहे. राजाची आज्ञा दगडावर मुकी उभी होती. प्रजेच्या दानाने तिला वाचा फुटली.

'पियदसि' म्हणजे कोण?

लेख वाचता आले, पण एक अडचण उरली. लेखांत राजा स्वतःला 'देवानंपिय पियदसि' म्हणत होता. या नावाचा राजा भारतातील कोणत्याच वंशावळीत नव्हता. प्रथम प्रिन्सेपला तो श्रीलंकेचा राजा असावा असे वाटले. त्याच सुमारास श्रीलंकेत सरकारी नोकरीत असलेला जॉर्ज टर्नर हा पाली ग्रंथांचा अभ्यास करीत होता. त्याला दीपवंसात उल्लेख सापडला की बुद्धांच्या परिनिर्वाणानंतर २१८ वर्षांनी चंद्रगुप्ताचा नातू आणि बिंदुसाराचा पुत्र पियदस्सी याला राज्याभिषेक झाला. हा पियदस्सी म्हणजेच अशोक. जो दुवा भारतात तुटला होता, तो सागरापलीकडच्या भिक्खूंनी ताडपत्रांवर जपून ठेवला होता.

तरीही हा ग्रंथाचा पुरावा होता, दगडाचा नव्हता. तो मिळण्यास आणखी ७८ वर्षे लागली. १९१५ साली तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, आजच्या कर्नाटकातील रायचूर जिल्ह्यात, मस्की येथे सोन्याच्या खाणींचा शोध घेणाऱ्या बीडन नावाच्या अभियंत्याला एका खडकावर लेख आढळला. त्यात 'देवानंपिय' या पदवीबरोबर 'अशोक' हे नाव स्पष्ट होते. नंतर मध्य प्रदेशातील गुजर्रा आणि कर्नाटकातील नित्तूर व उडेगोळम येथेही तसे लेख सापडले. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात कर्नाटकातील कनगनहळ्ळी येथील स्तूपाच्या उत्खननात तर एका शिल्पपटावर राजाची आकृती आणि तिच्यासोबत 'राजा अशोक' या अर्थाची अक्षरेच मिळाली.

लेख काय सांगतात?

पाठ्यपुस्तकात कलिंगाचे युद्ध आणि त्यानंतरचे मनपरिवर्तन एवढे येऊन जाते. लेखांमध्ये त्याहून पुष्कळ काही आहे आणि त्यातील काही गोष्टी फारशा सांगितल्या जात नाहीत.

तेराव्या शिलालेखात अशोक स्वतःच सांगतो की कलिंगातून दीड लाख माणसे कैद करून नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याहून कितीतरी पटींनी मृत्युमुखी पडली. विजयाचा हिशेब असा पश्चात्तापाने मांडणारा राजा जगाच्या इतिहासात दुर्मीळ आहे. परंतु हा लेख खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, कोरलेला नाही! तेथे त्याऐवजी दोन वेगळे लेख आहेत. सर्व माणसे आपल्या मुलांसारखी आहेत, हा भाव त्यांत राजा प्रकट करतो आणि कोणालाही विनाकारण बंदिवास वा छळ भोगावा लागू नये, अशी अधिकाऱ्यांना ताकीद देतो. जखमेवर पुन्हा बोट ठेवण्याऐवजी त्या लोकांना न्यायाची हमी द्यावी, असा यामागचा विचार असावा, असे मला वाटते.

त्याच तेराव्या लेखात वनांतील लोकांना दिलेला इशाराही आहे. राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या हाती सामर्थ्य आहे, हे त्यांनी विसरू नये, असा त्याचा आशय. अशोकाविषयी आदर बाळगताना ही ओळ वगळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तो सम्राट होता आणि सत्तेची भाषा त्याच्याकडून पूर्णपणे सुटली नव्हती.

पहिल्या शिलालेखात तो आपल्या स्वयंपाकघराचा हिशेब देतो. पूर्वी तेथे रोज अगणित प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच, आणि हरीणही नेहमी नाही. पुढे तेही बंद होईल. घरातली गोष्ट चव्हाट्यावर सांगून सुधारणेची सुरुवात स्वतःपासून करणारा हा राजा आहे. सहाव्या लेखात तो कळवितो की प्रजेच्या कामाची वार्ता आपल्याला कोणत्याही वेळी द्यावी, मग आपण जेवत असू की अंतःपुरात असू. चौदाव्या लेखात काही ठिकाणी मजकूर अपुरा राहिला असेल तर तो लेखनिकाच्या चुकीमुळेही असू शकेल, असेही तो नमूद करतो. आम्हा शिक्षकांना हे वाक्य विशेष जवळचे वाटते.

लुंबिनीचा स्तंभ १८९६ साली प्रकाशात आला. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी अशोक तेथे स्वतः आला आणि शाक्यमुनी बुद्धांचा जन्म येथे झाला म्हणून त्याने त्या गावाचा 'बलि' हा कर माफ केला व उत्पन्नातील राजाचा वाटा आठव्या हिश्शावर आणला. तीर्थाला दिलेली भेट कष्टकऱ्यांच्या कणगीपर्यंत पोचली, असे हे श्रद्धेचे रूप. १९५८ साली अफगाणिस्तानातील कंदाहार येथे अशोकाचा ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांतील लेख सापडला. कोर्याटला दिल्लीच्या स्तंभावर ग्रीक अक्षरे दिसली ती भ्रमाने. परंतु अशोकाने ग्रीक भाषेतही धम्म सांगितला होता, हे साडेतीनशे वर्षांनी खरे ठरले.

महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला धागा सोपाऱ्याचा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 'बुरूड राजाचा कोट' खणून स्तूप आणि त्यातील दगडी करंडक उजेडात आणला. त्याच वर्षी त्यांना तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा सोपाऱ्याजवळच्या भुईगाव येथे १९५६ साली सापडला. आठव्या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीसाठी यात्रा करीत. आपण मात्र संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. त्यात श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांना साहाय्य आणि खेड्यापाड्यांतील लोकांशी संवाद असे. १९५६ हे साल आपल्यासाठी कोणते, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही, तो योगायोगच. पण तो लक्षात ठेवावा असा योगायोग आहे.

पुराव्याची शिस्त

शेवटचे वाक्य मी मुद्दाम तसे लिहिले. अलीकडे भ्रमणध्वनीवर आपल्या इतिहासाविषयी रोज नवनवे संदेश येतात. अमुक मंदिर मूळचे विहार, तमुक राजा मूळचा बौद्ध, इत्यादी. त्यांतील काही खरे असते, काही शक्य असते आणि काही निव्वळ रचलेले असते. माजी विद्यार्थी ते मला पाठवितात आणि विचारतात, "सर, हे खरे आहे का?" मी प्रतिप्रश्न करतो, "लेख कुठे आहे? तो कुणी वाचला? कोणत्या शतकातला आहे?" कधी कधी ते नाराज होतात. आपल्याच बाजूचे आहे, मग सरांनी शंका का घ्यावी, असे त्यांना वाटते.

१९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी गटे या जर्मन विचारवंताचा आधार घेऊन इतिहासकाराचे कर्तव्य सांगितले आहे. खरे आणि खोटे, निश्चित आणि अनिश्चित यांची त्याने निवड केली पाहिजे. दुवा तुटलेला असेल तेथे तर्क करण्याचा अधिकार त्यांनी मान्य केला. परंतु तर्काला तर्क म्हणूनच मांडले. ज्यांचा इतिहास दडपला गेला, त्यांना पुराव्याची गरज इतरांहून अधिक असते. खोट्या पुराव्यावर उभारलेली खरी गोष्टही एका धक्क्याने कोसळते आणि मग तिच्या शेजारची खरी गोष्टही लोक मानेनासे होतात. फिरोजशाहच्या पंडितांनी धन्याला आवडेल तो अर्थ सांगितला. आपल्या समाजाला आवडेल तोच अर्थ आपण सांगत राहिलो, तर त्यांच्यात आणि आपल्यात अंतर काय उरले?

न सुटलेली कोडीही पुष्कळ आहेत आणि एक तर अगदी दाराशी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक दात्यांनी आपल्या गावाचे नाव 'धेनुकाकट' असे लिहिले आहे. तेथील सामी नावाचा सुतार आहे, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, स्तंभ देणारे यवनही आहेत. एवढे समृद्ध आणि उदार गाव नेमके कोठे होते, यावर विद्वानांचे आजही एकमत झालेले नाही. आपल्या विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या एखाद्या मुलीने वा मुलाने ब्राह्मी शिकावी, मावळातील वाटा पायी तुडवाव्यात आणि हे कोडे सोडवावे, अशी माझी मनोमन इच्छा आहे. ब्राह्मीची मूळ अक्षरे चाळीसएक आहेत. आमच्या आठवीच्या मुलांनी ती एका सुट्टीत आत्मसात केली आणि कार्ल्याच्या सहलीत 'दानं' हा शब्द स्वतः बोटाने दाखविला. ज्या दोन अक्षरांनी प्रिन्सेपला वाट दाखविली, ती माझ्या विद्यार्थ्यांना दगडावर वाचताना पाहिली, तेव्हा आपली नोकरी सार्थकी लागली असे मला वाटले.

ताटावरचे नाव

आता त्या सातवीतील विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळतो.

महाराष्ट्रातील लेण्यांत राजांचे लेख आहेत, राण्यांचेही आहेत. पण त्यांच्या शेजारी नाशिकला एका कोळ्याचे, कान्हेरीला एका लोहाराचे, कुड्याला एका माळ्याचे दान कोरलेले आहे. जुन्नरच्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे धर्मकार्यासाठी ठेव ठेवल्याची नोंद आहे. म्हणजे बुरूडकाम करणाऱ्यांची पत समाजात इतकी होती की त्यांच्याकडे विश्वासाने पैसा ठेवला जाई. या माणसांविषयी कोणत्याही पुराणात एक शब्द नाही. त्यांनी आपली ओळ स्वतः लिहून ठेवली म्हणून ती उरली.

त्यामुळे त्या मुलाला मी जे उत्तर दिले, तेच येथे लिहितो. हजार-दोन हजार वर्षांनी आपले ताट कुणाला सापडले, तर त्याला कळेल की येथे मुले एकत्र जेवत होती. त्यांच्यासाठी कुणीतरी आपल्या गेलेल्या माणसाची आठवण भांड्याच्या रूपाने ठेवून गेले होते. त्या माणसाला आपल्या मृतासाठी 'कालकथित' हा शब्द वापरावासा वाटला, म्हणजे त्याने आपली वाट जाणीवपूर्वक निवडली होती. आणि ते नाव लिहिण्याइतकी विद्या, जी त्याच्या पूर्वजांना शतकानुशतके नाकारली गेली होती, आता त्याच्या घरात आली होती. एका ओळीतून एवढे कळेल.

या विद्यालयासाठी ज्यांनी धान्य दिले, सिमेंटची पोती दिली, श्रमदान केले, मुलांच्या अंगावर पांघरूण घातले, त्या सर्वांची नावे या स्मरणिकेत शक्य तितकी छापली आहेत. पान उलटताना ती यादी कंटाळवाणी वाटण्याचा संभव आहे. तरी ती वगळू नका, ही विनंती. एका देशाला आपला विसरलेला सम्राट अशाच एका यादीतून परत मिळाला आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!